हजारी, मोजून

हजारी म्हणतात. मी मोजलंय.
एकशे सत्त्याण्णव भोकं,
आणि त्यातली नऊ माझ्यानं उघडली नाहीत.

पाणी खात्यात चिकटलो त्याच वर्षी
शनिवारवाड्यात कोणी बडा पाहुणा येणार होता,
आणि साहेबांच्या मनात आलं, कारंजं उडालंच पाहिजे.
यासीन मिस्त्रींनी माझ्या हातात सायकलच्या ब्रेकची तार दिली.
"सोळा पाकळ्यांचं कमळ आहे, दगडाचं.
कान कोरतोस तसं कोर. रक्त नाही आलं पाहिजे."

चार दिवस उकिडवा बसून कोरलं.
आधी निघालं ते कालपरवाचं,
शेंगांची टरफलं, आइसफ्रूटची काडी,
सहलीच्या पोरानं कोंबलेलं शिसपेन्सिलीचं बोटूक.
त्याखाली शेवाळ, वाळून तपकिरीसारखं.
मग दुपारभर नुसती माती.
मातीवर साल लिहिलेलं नसतं.

तिसऱ्या दिवशी एका पाकळीच्या टोकाशी
वीतभर आत गेलेली तार
काळी होऊन बाहेर आली.
मी बोट नाकाशी नेलं. वास कसलाच नव्हता.
"जळाला होता ना वाडा," मिस्त्री म्हणाले,
"सात दिवस, म्हणतात."
बिडी पेटवता पेटवता थांबले.
"पाणी नाचवत होते इथं. नाचवत होते,
आणि विझवायच्या वेळी..."
काडी त्यांनी तशीच विझू दिली.

तेव्हा पंप कुठला?
कात्रजचा तलाव उंच, वाडा खाली,
एवढ्या एका गोष्टीच्या भरवशावर
पाणी अंधारातून चालत यायचं,
वाटेत उच्छ्वास बांधलेले, त्यानं दम खावा म्हणून,
आणि इथं येऊन, कोंडलेलं सगळं,
मिळेल त्या भोकातून वर.

ज्यानं छिन्नीनं ही भोकं पाडली
त्यानं ते उडताना पाहिलं असेल का?
"एकदा," मिस्त्री म्हणाले. "चाचणीला.
नंतर त्याला आत कोण घेतंय?"

पाहुणा आलाच नाही.
टँकर आलेला होता, डिझेल भरलेलं होतं,
म्हणून मोटर चालू केली.
सतरा भोकांतून पाणी उठलं, गुडघ्याएवढं,
बाकीची खोकली.
मी, मिस्त्री आणि पहाऱ्यावरचे घोलप, प्रेक्षक तेवढेच.
मिस्त्रींनी बाह्या सारल्या,
पाकळीपाशी वाकून वजू करून घेतला.
"वाया कशाला घालवायचं?"

ती काळी चिमूट मी काड्यापेटीत ठेवली होती.
क्वार्टर बदलताना गेली कुठंतरी.

परवा नातवाला घेऊन गेलो.
गाइड सांगत होता, हजार धारा, हजार.
मी खोडून काढलं नाही.
त्या नवांपैकी एकात, पूर्वेकडच्या पाकळीत,
माझी तार मोडून राहिलीय, चार बोटं.
पुढं कधी कोणी कोरायला बसलं
तर मातीच्या आधी
ती लागेल.