दुसरा ब्रेक

दारूखान्यात, जिथे जहाजांचे पत्रे किलोवर जातात,
तिथे माझं गॅरेज. समोरच्या भिंतीवर अजून पुसट दिसतं:
कीर्तिकर मोटार ट्रेनिंग स्कूल, लायसन्सची हमी.
त्यातला ह पावसानं खाल्ला.
उरली नुसती 'मी'.

दिनू कीर्तिकर एके काळी एकतीस नंबर.
मद्रासच्या ट्रॅकवर एस्टीम तीनदा पलटली
आणि हा हातात स्टिअरिंग घेऊन चालत बाहेर आला,
असं तो सांगतो.
मी तिथे होतो.
स्टिअरिंग माझ्या हातात होतं, तो स्ट्रेचरवर.

त्यानंतर बावीस वर्षं तो डाव्या सीटवर.
पायाशी दुसरा क्लच, दुसरा ब्रेक.
बँकेतल्या बायका, लग्न ठरलेली पोरं,
एक रिटायर्ड जज, जो प्रत्येक खड्ड्याला सॉरी म्हणायचा,
सगळ्यांना त्यानं पुलाच्या चढावर हाफ-क्लच शिकवला.

शाल्मलीला शिकवलं कॉटन ग्रीनच्या गोदामांमागे, रविवारी,
लायसन्सचं वय व्हायच्या बरंच आधी.
ती वेग धरायची, आणि तिच्या बुटाखालचं पेडल
आपोआप खाली जायचं.
बाबा, पाय काढ.
काढलाय.
खोटं बोलू नकोस, मला तळव्याला कळतं.

पहिली शर्यत मुलुंडला, मॉलच्या गच्चीवर, भाड्याच्या कार्टमध्ये.
हेल्मेटला दुसऱ्या कुणाच्या तरी तेलाचा वास.
दुसरी आली. बक्षीस: बर्गरची दोन कुपनं.
एक मला दिलं. मी चीज काढून खाल्लं.
मग उलव्याच्या चिखलात टाकी फुटली,
साबण चोळून भोक बुजवलं, तशीच पळाली.
पेडर रोडच्या पोरांकडे लॅपटॉपवाले दोन इंजिनियर,
माझ्याकडे कान आणि एक टॉर्च.
टायर त्यांनीच टाकलेले, आम्ही उचललेले.
बॉनेटवर लालबागच्या मसालेवाल्याचं स्टिकर,
त्यानं पैसे दिले नाहीत, पाच किलो गरम मसाला दिला.

फॉर्मवर दिनूनं नंबर भरला एकतीस.
तिनं काट मारून सहा लिहिला.
तो काही बोलला नाही.
मी विचारलं, का गं?
म्हणाली, एकच आकडा, स्टिकर स्वस्त पडतं.

कोइम्बतूरला चौदांत अकरावी.
माईकवाला म्हणाला, दीनानाथ कीर्तिकरांची कन्या!
टाळ्या पडल्या, जुन्या लोकांच्या.
परतताना, ट्रेलर हलतोय मागे, टोलनाक्यावर,
काका, माझं नाव उच्चारायला अवघड आहे का?
मी सुट्टे पैसे शोधत राहिलो.

काल वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलमध्ये स्प्रिंट होती.
रबरी शंकू, जुने टायर, चहाची टपरी उघडी.
दिनू पहिल्यांदाच आला. माझ्याशेजारी, जाळीला टेकून.
शेवटचं वळण डावीकडे, तेल सांडलेलं.
ती आली.
मी गाडीकडे बघत नव्हतो, मी त्याच्या पायाकडे बघत होतो.
उजवी चप्पल मातीत रुतत गेली,
अंगठा पांढरा, पोटरी ताठ,
आणि तिथे कुठलंच पेडल नव्हतं.

गाडी शेपटी झटकून निघून गेली.
एक मिनिट आठ सेकंद. तिसरी.
माईकवाला म्हणाला, सहा नंबर, शाल्मली,
आणि पुढचं त्याला वाचता येईना.

दिनूनं हळूच विचारलं, किती उशिरा मारला ब्रेक?
तुझ्यापेक्षा दोन टायर पुढे.
त्यानं चहा संपवला. चप्पल झटकली.

आज सकाळी स्कूलची गाडी घेऊन आला.
परकार, माझ्या बाजूचा ब्रेक बघ,
जड झालाय.
मी खाली झोपलो, टॉर्च मारला, रॉड हलवून पाहिला.
काही झालं नव्हतं.
ग्रीस लावलं.
पन्नास रुपये घेतले.