मधल्या मापाची फळी

गोव्याहून फोटो आणला मी, कडा पिवळ्या पडलेला:
लाटेवर कुणी उभा, पायाखाली फळी.
फळ्या आखूड होत चालल्या त्या दोन-तीन वर्षांतली,
जुनी लांबी सुटलेली, नवी अजून सापडली नव्हती.

सुपडू मिस्तरींनी चष्मा कपाळावर सरकवला.
"हाई नाव बी नही, नि फयी बी नही."
मग फोटोतल्या माणसाची उंची धरून, वितीनं,
साडेसात फूट काढली.

पांगारा घेतला, हलका. मधोमध सागाची पट्टी, कण्यासारखी.
रंध्याखाली शेपूट निमुळती होत गेली.
इथंच का वळते, विचारलं. मला सांगता येईना.
ज्यानं केली त्यालाही ठाऊक नसेल, म्हणाले.
त्यांनी नव्हती का केली एक बैलगाडी,
चाकं लाकडी, आस टायरगाडीचा?
लोक हसले.
दोन पोळे चालली.

समुद्र त्यांनी पाहिलेला नाही.
प्रकाशाच्या बंधाऱ्यामागे तापी सपाट, तेलासारखी.
फळी तरंगली, डावीकडे जराशी कलून.
मिस्तरी धोतर खोचून गुडघाभर पाण्यात शिरले,
तळव्यानं पाणी ढकललं तिच्याखाली,
एकदा, परत एकदा,
आणि वाकून बघत राहिले
ती कुठं वळते.