शिल्लक

दुमयातच्या सुतारआळीत आमचा जिना,
पायऱ्यांवर भुसा, भिंतीला बारा मीटर.
कार्ड नुसतं टेकवायचं,
बारीकसं टिक् होतं,
आणि वर चौथ्या मजल्यावर पंखा हलतो.

कार्डावर अजून माझ्या नवऱ्याचं नाव.
रिचार्जवाल्या बदीरला म्हटलं, बदलून दे रे.
तो म्हणतो, हाज्जा, मयताचा दाखला आण, तीन प्रती.
राहू दे मग.
मीटरच्या लेखी पैसे भरले की तो आहेच.

गुरुवारी मध्यरात्री आकडा संपला.
दुकानं बंद. फ्रिजमध्ये माझं इन्सुलिन.
दुसऱ्या मजल्यावरची रईफा स्वतःचं कार्ड घेऊन आली,
माझ्या मीटरला टेकवलं,
पुन्हा टेकवलं,
मग ओढणीला पुसून तिसऱ्यांदा.
लाल अक्षरं: कार्ड जुळत नाही.

मीठ उसनं मिळतं, कोळसा मिळतो,
तिच्या धाकट्याला तर मी अंगावर पाजलंय.
ती मीटरला एक शिवी देऊन खाली गेली,
आणि खालून ओरडली: टोपली सोड!

भाजीची टोपली, रात्री एक वाजता,
ओल्या टॉवेलात गुंडाळलेल्या दोन कुप्या,
दोर कठड्याला कुरकुरत दोन मजले उतरला.
रिकामी कशी पाठवायची
म्हणून तिने वर धाडली गार टरबुजाची फोड.

अंधारात बसून खाल्ली.
बिया कुठे कुठे उडाल्या
ते सकाळी कळलं.