दुसरी पंगत

बोस्टन, लिंकनशर. मेथडिस्ट हॉलमध्ये नकाशा टांगलाय,
नवे दहा देश पिवळ्या खडूने भरलेले.
एक कोपरा सेलोटेप सोडून
सारखा खाली येतो, लाटव्हिया झाकतो.

क्लिफर्ड थर्लबी म्हणतो, घर भरलंय.
त्याच्या कोबीत पहाटे चारला कोण वाकतं
ते बोलत नाही.
ती बसलीय मागे, झिंत्रा,
हिरवट बोटं मांडीखाली दडपून.

चहा माझ्याकडे. तीस वर्षं माझ्याकडेच.
मी आले तेव्हाही अशी बैठक भरली असेल,
बिस्किटंसुद्धा हीच.
आधी जेवायला बसलेल्यांना
दुसरी पंगत नेहमीच लांबलचक दिसते.

'विस्ताराच्या विरोधात कोण?'
हात वर जाऊ लागले.
खोटं कशाला बोलू,
माझाही उठला. कोपरापर्यंत.
मग त्याच हाताने किटली धरली,
जशी काही तिच्यासाठीच उचलला होता.

मोजणी चालू होती. मी मागे गेले.
झिंत्राला हळूच विचारलं, साखर किती?
तिने दोन बोटं वर केली.

क्लिफर्डने तीही मोजली.