मधली जागा

फॉर्मवर धंदा विचारला होता.
बाबा म्हणाले, लिव, मीठ.
मी लिहिलं, निवृत्त.

नेरूळ, सहावा मजला.
खिडकीतून पामबीचच्या पलीकडे तिवरांची दाटी,
तिच्याखाली कुठेतरी आमचं आगर,
सात कोंड्या, एक उघाडी.

डॉक्टरबाईंनी कागदाच्या पाठीवर मूत्रपिंड काढलं.
ही गाळणी. ती शाबूत आहे.
ह्या नळ्या.
आणि नळ्यांच्या मधली ही जागा,
हिला कोणी विचारत नाही, ती सुजलीय.
सुईने काढलेल्या, तांदळाएवढ्या तुकड्यात
शेंदरी दाण्यांच्या पेशी येऊन बसल्यात,
आमंत्रण नसताना.

बाबांनी कागद फिरवून पाहिला.
मंजे बांध फुगलंन.
बांध फुगला का पाट दाबतो.
बाईंनी पेन खाली ठेवलं.

गुडघ्यांवर गोळ्या घेता?
बाबांनी कनवटीची चुन्याची डबी उघडली.
चुना नव्हता.
गुलाबी, अर्ध्या केलेल्या,
काही घामाने एकमेकींना चिकटलेल्या.
दिसाला दोन. हळदीच्या राती चार,
नाचाला लागतं.
किती वर्षं?
आगर भरावात गेलं त्या सालापासून
ते बोटांवर मोजू लागले,
दुसऱ्या हातावर आले,
मग माझ्याकडे बघितलं.

रात्री चारदा उठतात.
मोरीचा दिवा, तांब्या, पुन्हा दिवा.
लघवी नुसती पाणी, ना रंग ना वास.
नळ्या आता काही राखून ठेवत नाहीत.

मालतीआत्या म्हणाली, किडनी म्हणजे मीठ बंद,
म्हणून आईने चैत्रापासून तोडलं.
अळणी आमटी, अळणी भात,
सुके बोंबील तीन पाण्यांतून धुतलेले.
आणि बाबा भिंत धरून चालू लागले,
उठलं की डोळ्यांपुढे काळोख.

बाई रिपोर्टवर बोट ठेवून म्हणाल्या,
यांचं मीठ वाहून जातंय.
यांचं बंद करू नका.
सगळ्यांना हे लागू नाही हं, यांच्यापुरतं, लिहून घ्या.

मी लिहून घेतलं.
आई बाकड्यावर होती.
पदराने तोंड पुसलं, कोरडंच, पुन्हा पुसलं.
आगरवाल्याला, ती म्हणाली, मी
आणि पुढे काही नाही.

लिफ्टमध्ये बाबांना बोलायचं होतं,
उघाडीची फळी कुजली का
भरती काय नि ओहोटी काय,
तोवर तळमजला आला.

खाली मेडिकलवाल्याने
स्टिरॉइडची पाकिटं मोजली, पिशवीत घातली,
आणि ओळखीने विचारलं,
काका, नेहमीची देऊ?

नको,
आई आणि मी एकदम.
बाबा गुडघा चोळत
रस्त्याकडे बघत होते.