पाव मैल

आधी आरसे काढले.
चौदाचा पाना, दीड फेरा, आणि मागचं सगळं
हातात आलं.
किचनच्या काट्यावर ठेवले : सहाशे दहा ग्रॅम.
वहीत लिहिलं.

मग इंडिकेटर. ते वळणाऱ्या गाड्यांना लागतात,
हिला आता वळायचंच नाही.
मग हॉर्न, नंबरप्लेट, साइडस्टँड,
मागे बसणाऱ्याचे पाय ठेवायचे दोन दांडे.
त्यातला डावा बोल्ट गंजून बसलेला.
तेल सोडून रात्रभर ठेवला.
मागे कोण बसायचं ते विचारू नका,
बोल्टनंसुद्धा सकाळी सोडून दिलं.

रश्डनमध्ये नोव्हेंबरातलं गॅरेज म्हणजे
फ्रिजच्या आत आणखी एक फ्रिज.
आठवडाभर मी दुकानात लोकांच्या गोळ्या मोजते,
शनिवारी मोजते गाडीतून काय काय गेलं.
एकूण अकरा किलो चारशे.
माझं स्वतःचं वजन वहीत नाही.

शेजारचा टेबट, ऐंशीला टेकलेला,
चाळीस वर्षं बुटांच्या कारखान्यात चामडं कापलेला,
मगावर हात शेकत दारात उभा राहतो.
"चांगली चालत होती की ही."
होती.

स्विंगआर्म सहा इंचांनी लांबवला,
आणि वेल्डिंग दाखवायला शिरोलीला फोन लावला.
बाबांनी फोन डोळ्यांशी इतका जवळ धरला
की मला फक्त त्यांची भुवई दिसत होती.
"डावीकडं बघ. हात थांबलाय तुझा तिथं."
थांबला होता. शिंक आली होती.
"घासून परत मार. कामावर शिंकबी दाबाय लागती."

आई मागून : "आणि जाती किती लांब?"
पाव मैल.
"म्हंजे?"
म्हणजे आपल्या दारापासनं पिठाच्या गिरणीपर्यंत.
"तेवढ्याला चालत जावं की."

नियम आहे : मनगटाला दोरी हवी,
दुसरं टोक स्विचला.
आपण पडलो तर गाडीनं
एकटीनंच पुढं जाऊ नये म्हणून.
टेबटनं ती शिवून दिली.
वासराचं चामडं, मेण लावलेला दोरा, दुहेरी टाका,
आतून बुटाच्या जिभेसारखी मऊ.
पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "तुटली तर परत घेऊन ये,"
आणि आपण काय बोललो ते कळून
कितीतरी वेळ हसत राहिला.

मे महिना. जुनी धावपट्टी,
युद्धात इथून विमानं उडायची,
आता परतलेल्या कांद्याचा आणि रबराचा वास.
गाडी भाड्याच्या व्हॅनमधून नेली.
रस्त्यावरून ती आता कुठंच जाऊ शकत नाही,
दूध आणायलासुद्धा नाही.
पाण्यात मागचं चाक फिरवलं, धूर काढला, रेषेवर आले.
पिवळा, पिवळा, पिवळा, हिरवा.
सुटले,
आणि क्लच अर्धा सोडलेला असताना
मान आपोआप उजवीकडं गेली,
आरसा असायचा तिथं.
तिथं आकाश होतं, आणि बोल्टचं एक भोक.
इंजिन घुसमटलं. मग उचललं.
पुढचं मला फारसं आठवत नाही,
पोट मागंच राहिलं होतं.

चिठ्ठी हातात दिली : बारा पूर्णांक शून्य सहा.
मागच्या वर्षी, आरशांसकट : बारा पूर्णांक एकतीस.
दोन हजार तीनशे पौंड, एक अख्खा हिवाळा,
आणि कमावला पाव सेकंद.

बाबांना फोटो पाठवला.
वाटलं, शाब्बास म्हणतील.
वीस मिनिटांनी उत्तर आलं.
चिठ्ठी वाचायला कुठून शिकले कोण जाणे :
"शेवटचा वेग ब्येस हाय. पण पहिल्या साठ फुटात
येवढा वेळ? तिथं काय झालं?"

व्हॅनच्या पायरीवर बसले, मनगटाला दोरी तशीच.
लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.
शेवटी एकच शब्द पाठवला :
शिंक.