आईचा ब्रश

कुताइसीत वीज आली तेव्हा साडेआठ वाजून गेले होते.
नेस्तानने आईच्या ब्रशचं डोकं कापलं.
आई बारीला, परक्या म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालते;
ब्रश इथेच राहिला होता.
वर जुन्या फोनची मोटर,
घड्याळातला सेल, चिकटपट्टी.

हलेना.
तारेचं टोक सोल, म्हटलं.
मी ओरडायच्या आत तिने ते दातांनी सोललं.

थरथरला.
आणि टेबलावर गोल गोल,
मिठाच्या बरणीभोवती गोल गोल.

"सरळ का नाही जात?"
केस एकीकडे झुकलेत.
आई घासायचीच तशी,
रागावल्यासारखी, उजव्या हाताने.

कात्री तिच्या हातात होती.
बराच वेळ बघत राहिली.
मग बरणी उचलली फक्त,
त्याला फिरायला जागा केली.